मैनेचं ऊन

१६ जानेवारी १९६९, अकोला

शेषरावमामा काल बाळापूरहून आले ते लग्नाची तारीख घेऊनच. बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. मायनं त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मामाची ललिता माझी, हे लहानपणापासून ठरलेलंच होतं. तरी तारीख ऐकल्यावर मला उगाच लाज वाटली आणि मी सायकल पुसायला अंगणात गेलो.

मामा मागोमाग आले. "वामन, एक काम होतं बाबू."

काम मैनेचं. मैना म्हणजे ललितेची धाकटी बहीण, सात वर्षांची. वर्षाची असल्यापासून तिच्या तोंडावर, हातांवर तपकिरी ठिपके आहेत. उन्हात आणली की डोळे मिटते, रडते. दिवाळीपासून नाकाच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली आहे आणि तिच्यातून रक्त येतं. वैदूचा लेप लावला, गाठ वाढलीच.

"लोक म्हणतात देवीचा कोप हाय. देव्हारा नदीत सोडला म्हणून." मामा बराच वेळ माझ्या सायकलच्या घंटीवर बोट फिरवत होते. "मी नाई मानत. पण छप्पन साली आपण दीक्षा घेतली. ललिता त्याच्या आधीची, मैना नंतरची. मंग मनात येते."

असं काही नसतं, असं मी म्हणालो. ठाम आवाजात म्हणायचं होतं, ते जमलं नाही.

मी एसटीत कंडक्टर, माझी ड्यूटी अकोला–अमरावती गाडीवर असते. अमरावतीला कातडीचे डॉक्टर आहेत, डॉ. तिडके. कातडीवर काहीतरी संशोधनही करतात म्हणे. पुढच्या बुधवारी मैनेला दाखवायचं ठरलं.

२२ जानेवारी

मामी आणि मैना सकाळच्या गाडीला आल्या. मैनेला सावलीच्या बाजूला बसवलं. तरी तिनं मामीचा पदर तोंडावरून काढला नाही. मूर्तिजापूरला एका बाईनं विचारलं, "पोरीले देवी आल्या का?" आणि उठून मागे जाऊन बसली.

डॉ. तिडके पन्नाशीचे, पोटावरचं बटण तुटलेलं, बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघणारे. पण मैनेला त्यांनी भिंगातून फार हळुवार पाहिलं. नाक, ओठ, जीभ, डोळे. मग मामीला विचारलं, "लग्नाआधी तुमचं आणि नवऱ्याचं नातं होतं?"

"होतं ना. मी त्यायच्या सख्ख्या मामाचीच पोरगी."

त्यांनी ते लिहून घेतलं. रोग मैनेला आणि नातं मामीचं कशाला लिहायचं, मला कळलं नाही. मैनेच्या वरचे दोन भाऊ धडधाकट आहेत, ललिताही धडधाकट, असं मी सांगितलं.

गाठ कॅन्सरची असावी, कापावी लागेल, म्हणाले. एवढ्या पोरीला कॅन्सर! मग त्यांनी समजावून सांगितलं. कातडीच्या अगदी तळाशी एक थर असतो. वरची कातडी रोज झडते आणि तळातल्या पेशी नवी कातडी जन्माला घालत राहतात, माणूस मरेपर्यंत. उन्हानं त्या पेशींना इजा होते. तुमची-आमची इजा शरीर आतल्या आत दुरुस्त करतं. मैनेच्या अंगात ती दुरुस्तीच होत नाही, असं गेल्याच वर्षी अमेरिकेतल्या कोणीतरी दाखवलं आहे.

"त्या तळातल्या पेशी म्हणजे आई समजा," डॉक्टर म्हणाले. "आई बिघडली की लेकी बिघडलेल्याच निपजतात. मग त्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. त्याचीच गाठ."

मामीनं मैनेला जवळ ओढलं. एकदम म्हणाली, "माहं काय बिघडलं डाक्टरसाहेब? मी सारं नेमानं केलं."

डॉक्टरांना कळेना की ही काय बोलते आहे. मला कळलं. ती परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत डोळे पुसत होती.

निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"भाचा. आणि आता जावई होणार, थोरल्या मुलीचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या खेपेला जरा एकटे या."

फीचं बोलायचं असेल. मामीसमोर नको वाटलं असेल त्यांना.

२३ जानेवारी

मायला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मग म्हणाली, "थोरलाही असाच करे. दारात नेला का डोये झाके. तोंडावर नुस्ते तीळ सांडले होते त्याच्या."

थोरला म्हणजे माझ्या आधीचा भाऊ. मी जन्मायच्या आधीच तो गेला. माय कुठल्याही गोष्टीत त्याला आणते. कोणाचं लेकरू पडलं की थोरला असाच पडला होता, कोणाला ताप आला की थोरल्याला असाच आला होता. मी म्हटलं, "माय, तो लू लागून गेला ना?" ती म्हणाली, "हो, उन्हानंच गेला."

भाकर छान झाली होती.

५ फेब्रुवारी, अकोला डेपो

फीचं बोलायचं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर गोल आणि चौकोन काढले. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. हा रोग उघडा दिसायला आई आणि बाप दोघांकडूनही त्याचं बी यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला कळतही नाही. मामा-मामी दोघांच्या अंगात ते आहे, नाहीतर मैना अशी झाली नसती. ललितेच्या अंगात असण्याची शक्यता बरीच. माझी माय मामांची सख्खी बहीण, त्यामुळे माझ्या अंगातही असू शकतं.

"म्हणजे आमची मुलं…"

"चोविसात एक, असा हिशेब येतो. तुमच्या घरात असं कोणी झालेलं नसेल तर. झालंय का कोणी?"

"नाही," मी म्हणालो.

मग ते बराच वेळ भिंतीकडे बघत बोलले. बाहेरची मुलगी केली तर भीती जवळजवळ नाहीच. ललितेलाही बाहेरचा नवरा मिळाला तर तसंच. पण निर्णय तुमचा, मी फक्त सांगतो, वगैरे.

माझ्या गाडीत पन्नास माणसं बसतात. चोविसात एक म्हणजे पन्नासात दोन. मी परतीच्या फेरीत तिकिटं देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. दोनच तर. बाकीचे अठ्ठेचाळीस शेंगा खात होते, झोपत होते, कंडक्टरशी भांडत होते. पण ते दोघं कोण, हे कोणाला विचारू?

७ फेब्रुवारी

डॉक्टरांना मी "नाही" म्हणालो ते खरंच आहे. थोरला लू लागून गेला. मायच म्हणते.

२० फेब्रुवारी

मैनेची गाठ काढली. काल दुपारी ललिता आणि मामी तिला घेऊन आल्या, आज सकाळी ऑपरेशन झालं. कानामागची कातडी काढून नाकाजवळ लावली. ती तिथे धरेल म्हणतात. कानामागं ऊन कमी लागतं, तिथली आई अजून शाबूत असावी, असं डॉक्टर म्हणाले. "आई" म्हणताना त्यांनी मामीकडे बघून जीभ चावली.

ललिता बाहेर बाकावर बसली होती. आधी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. तारीख ठरल्यापासून ती "तुमी" म्हणते आणि माझ्याकडे न बघता बोलते. म्हणाली, "मैनीनं भूल सुंगवायच्या आंधी माहा हात धरला अन् म्हणे, ताई, मले रात्रीच्या शाळेत घाल." मी तिला बाहेरून चहा आणून दिला. तिनं बशीत ओतून अर्धा मला दिला. तेव्हाच मी तिला आई-बाप दोघांकडच्या बीचं आणि चोविसात एकच्या हिशेबाचं सांगितलं.

डॉक्टरांच्या प्रयोगाचं मला आज कळलं. दवाखान्यामागच्या खोलीत ते काचेच्या बशीत कातडीचे तुकडे जिवंत ठेवायचा प्रयत्न करतात. कोंबडीच्या रक्तातलं पाणी घालतात, उबेला कंदील ठेवतात. मैनेच्या कातडीवर विजेच्या खास दिव्याचा उजेड पाडून काय होतं ते त्यांना बघायचं आहे. शेजारी चांगल्या माणसाची कातडी पाहिजे, ताडून बघायला. मी म्हटलं, माझी घ्या.

ते म्हणाले, "वामनराव, यातून तुमच्या अंगात ते आहे की नाही हे कळणार नाही. तेवढी बारीक गोष्ट माझ्या बशीत दिसत नाही."

पण मी दिली. दंडाचा एवढासा तुकडा. काय सांगावं, दिसलंही.

३ मार्च

आज फेरी संपल्यावर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. माझा तुकडा आणि मैनेचा तुकडा, दोन्ही जिवंत. कडेकडेनं नव्या पेशी पसरत होत्या, पावसात गच्चीवर ओल चढते तशा. कुठला माझा आणि कुठला तिचा, मला ओळखू येईना. डॉक्टरांनी चिठ्ठी बघून सांगितलं. मी पुन्हा पाहिलं. तरी नाही ओळखू आलं.

फार आनंद झाला. का झाला ते नीट सांगता येत नाही. मायसाठी संत्री घेतली.

११ मार्च

बुरशी लागली. सगळ्या बश्यांना. आठवडाभर अमरावतीत वीज जात-येत होती, तो खास दिवा नीट पेटला नाही, नंतर कशी कोण जाणे बुरशी शिरली. पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर स्टुलावर बसले होते. म्हणाले, "मुंबईला असतो तर." मग म्हणाले, "मुंबईलाही हे नाही जमायचं. उगाच बोलतो."

"पुन्हा लावाल?"

"लावीन. पण तुम्ही माझ्या बश्यांवर थांबू नका. लग्न मेमध्ये आहे ना तुमचं?"

मी थांबलोच होतो तर.

१६ मार्च, बाळापूर

आज रविवार. मैनेला बघायला म्हणून आलो. नाकाजवळची कातडी धरली आहे, जरा गोरी दिसते, ठिगळासारखी. मैना अंधाऱ्या खोलीत पाटीवर पाढे लिहीत होती. मामांनी खिडकीला पोतं लावलं आहे. गावातले काहीजण अजून देवीचंच म्हणतात, पण मामा आता त्यांना "कातडीच्या तळाचा थर" समजावून सांगतात. अर्धं चुकीचं सांगतात, पण सांगतात.

ललिता विहिरीवरून आली. घागर उतरवली आणि सरळ विचारलं, "थोरल्याले काय झालं होतं?"

मी म्हटलं, कोणता थोरला?

"आत्या गेल्या आठवड्यात आली होती. मैनीले मांडीवर घेतलं अन् रडली. म्हणे, माहा थोरलाही असाच होता, ठिपक्याठिपक्याचा, डोयावर उजेड सहन न होणारा. अन् ओठावर गाठ आली होती त्याच्या. चार वर्षांचा होऊन गेला. डाक्टरले सांगतलं का तुमी?"

"नाही."

"काहून?"

उत्तरं तीन होती. माय सगळ्यात त्याला आणते, म्हणून. लू लागली असं माय म्हणते, म्हणून. मला ललिता पाहिजे होती, म्हणून. यातलं शेवटचंच मी बोललो. ती लाल झाली आणि मग तिचे डोळे भरले, आणि मला कळेना की ती माझ्यावर रागावली आहे की काय.

"आता आत्याच्या अंगात तं हायच मंग," ती म्हणाली. "अन् मामाजीच्या, तुमच्या गेलेल्या बाबाच्याही होतं. तुमच्या अंगात असन का नाई, याचा हिशोब पुन्हा करून आणा."

२० मार्च

नवात एक. म्हणजे पन्नासांच्या गाडीत पाच-सहा जण.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी थोरल्याचा एक चौकोन काढला आणि तो काळा केला. माझ्या वरच त्याची जागा होती कागदावर. मी एवढी वर्षं मायला त्याच्याबद्दल नीट विचारलंच नाही.

३० मार्च

ललितेला निरोप दिला होता. ती मामांबरोबर अकोल्याला बाजाराला आली आणि मामा तेलाच्या घाण्यावर गेले तेवढ्यात आम्ही दोघं टॉवरजवळ उभे राहिलो.

मी म्हटलं, "तुला बाहेरचा नवरा मिळाला तर काही भीती नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"अन् तुमाले बाहेरची बायको."

"हो."

"मंग करा ना."

"मला नाही करायची."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "मलेही नाई." मग म्हणाली, "मी तुमाले नाई भेत. पाळण्याले भेतो. मैनीले मी धरून बसतो ना पट्टी बदलताना, तं ती वरडत नाई, नुस्ती माह्याकडे पाहाते. ते मले दुसऱ्यांदा नाई जमनार."

मग मी सांगितलं. रात्री झोप येईना तेव्हा जे डोक्यात घोळत होतं ते. हल्ली सरकारी शिबिरं होतात, पुरुषांचं ऑपरेशन करतात. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची पाटी आमच्या डेपोतही लावली आहे. आपण लग्न करू. लेकरू नको.

एक हातगाडी मध्ये आली, ती गेली.

"लोक मले वांझ म्हणतीन," ती म्हणाली. "तुमाले कोणी काही म्हणनार नाई."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतका विचार केला आणि हे ध्यानात आलं नाही.

"आत्याले सांगा. माह्या मायले, बाबाले सांगा. त्यायले ठाव असलं का मंग गाव काही म्हनो. पण तुमी सांगा, मी नाई सांगत."

५ एप्रिल

मामा-मामींना सांगितलं. मामा उठून बाहेर गेले. मामीनं एवढंच विचारलं, "म्हणजे त्या रोगाचं बी माह्याकडचंही हाय?" मी म्हटलं, दोघांकडचं. तिला त्यानं बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. पण बडनेऱ्यापर्यंत रडलेली ती मामी आणि आज मला वाढणारी ही मामी जरा वेगळी वाटली. मामा परत आले आणि म्हणाले, "मैनीले सांभाळायले तुमी दोघं हातपाय मोकळे राहान. ते काही वाईट नाई." नंतर जेवले नाहीत.

१२ एप्रिल

मायला सांगायचं टाळत होतो. आज सांगितलं. आधी तिनं कानावर हात ठेवले. मग थोरल्याचं विचारलं. मी गोल आणि चौकोन काढून दाखवले. तिला लिहिता येत नाही, पण काळा चौकोन तिनं ओळखला. त्याच्यावर बोट ठेवून बसली.

"मंग माहीच चूक."

"नाही माय. बाबांकडूनही आलं. चूक कोणाचीच नाही."

मग म्हणाली, "थोरल्याच्या वेळी मले कोणी असं समजावून सांगतलं असतं ना वामन, तं मी पुढे लेकरूच होऊ देलं नसतं. मंग तू झालाच नसता."

हे ती मला थांबवायला म्हणाली की मान्य केलं म्हणून म्हणाली, ते मी अजून ठरवू शकलो नाही. मी झालो ते बरं झालं. म्हणजे नवातले आठ झाले असते तेही बरंच झालं असतं. ते आठ कोणत्या हिशेबात धरायचे? डॉक्टरांना विचारावंसं वाटलं, पण हे त्यांच्या कागदावर बसणारं नाही.

मायनं काळ्या चौकोनाचा कागद मागून घेतला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवला.

१९ एप्रिल

आज शिबिराला गेलो. अकोल्यातच, शाळेच्या वर्गांत भरलं आहे. रजा घेतली होती. बाहेर मांडव, आत पडदे, लाऊडस्पीकरवर गाणी. रांग लांब होती. बहुतेक माणसं चाळिशीची, एकमेकांना चिडवत उभी.

गेल्या महिन्यात मी एकदा सरकारी दवाखान्यात चौकशी केली होती. तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, अविवाहितांचं करत नाही, किमान दोन-तीन मुलं पाहिजेत. त्यामुळे आज खोटं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. बायको आहे म्हणायचं. मुलं तीन म्हणायचं. ते मी घोकलं होतं.

टेबलाशी एक म्हातारे कारकून बसले होते, चष्म्याला दोरा बांधलेला.

"नाव?"

सांगितलं.

"बायकोचं?"

"ललिता."

"संमती आहे?"

"आहे." हे एवढंच खरं होतं.

"मुलं किती?"

"तीन."

"नावं सांगा."

नावं विचारतील हे मी धरलंच नव्हतं. ते लेखणी धरून थांबले. मागची रांग ढकलत होती. माझ्या तोंडून "मिलिंद" आलं. कुठून आलं माहीत नाही. त्यांनी लिहिलं. वय विचारलं, मी म्हणालो सहा.

"दुसरं?"

"गौतमी. मुलगी. चार वर्षांची."

"तिसरं?"

तिसरं सुचेना. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो, ते टेबलावर वाजत होतं. मिलिंद आणि गौतमी लिहिलेलं दिसत होतं, शाई अजून ओली होती, आणि मला एकदम वाटलं की हे दोघं बाहेर मांडवात उभे असतील, ललितेजवळ.

"अहो, पोराचं नाव आठवत नाही होय?" कारकून हसले.

मागचा माणूस म्हणाला, "लेकरं जास्त झाली का असंच होते साहेब. माहंही होते." सगळे हसले. मीही हसलो.

"तिसरं तान्हं आहे," मी म्हणालो. "अजून ठेवलं नाही नाव."

त्यांनी तिथं रेघ ओढली आणि मला पडद्याआड पाठवलं. फार दुखलं नाही.

२१ एप्रिल, बाळापूर

सायकल इतक्यात चालवायची नाही म्हणून आज गाडीनं आलो. मैना खोलीत झोपली होती. तिच्या कपाळावर एक नवा ठिपका मला दिसला, डॉक्टरांना दाखवावा लागेल. मामी शेतावर गेली होती. मामा दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत बोट दाखवलं.

ललिता डाळ निवडत होती. मी सांगितलं, झालं. तिनं मान हलवली. दुखते का विचारलं. नाही म्हटलं. मग मी कारकुनाचं सांगितलं, नावांचं सांगितलं, मागच्या माणसाचंही सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

तिचे हात सुपातच राहिले.

"पोरीचं काय सांगतलं?"

"गौतमी."

तिनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. आणखी एकदा म्हटलं. मग डाळ बाजूला सारली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली,

"नाव ठेवायच्या आंधी मले तं विचारायचं."